हेडचं पॅकिंग दोनदा बदललं तरी गळतं: जुन्या स्प्लेंडरचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2001 सालची हिरो होंडा स्प्लेंडर, रोज दुधाचे कॅन लावून चालते. हेड (सिलिंडरचं झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर) यांच्या सांध्यातून ऑइल येतं. वर्षभरात हेडचं पॅकिंग दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी वर सिलिकॉनही लावलं, तरी 400 किलोमीटरच्या आत सांधा पुन्हा ओला झाला. आता मेकॅनिक सांगतोय की हेडच नवीन टाका. टाकावं का?

एवढ्यात टाकू नका. नवीन पॅकिंग इतक्या लवकर हार मानतं तेव्हा दोष पॅकिंगचा क्वचितच असतो. एक तर तेल मुळात त्या सांध्यातलं नसतं, वरून कुठून तरी ओघळून तिथे साचतं. किंवा हेडचा नाहीतर ब्लॉकचा चेहरा, म्हणजे पॅकिंगला टेकणारा पृष्ठभाग, सपाट राहिलेला नसतो. किंवा दोघांना दाबून धरणारे स्टड (आटे पाडलेल्या लांब सळया) पुरेसा दाबच देत नसतात. चौथं कारण इंजिनच्या पोटातलं: आतला दाब बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. नवं हेड घेतलंत तर यातल्या फक्त एका कारणावर इलाज होतो, आणि तोही अर्धाच, कारण ब्लॉकचा चेहरा आणि स्टड जुनेच राहणार. म्हणून आधी शोध, मग खर्च.

शोधाला एक संध्याकाळ आणि दहा-वीस रुपयांची पावडर लागते. इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल आणि जुन्या ब्रशने हेड, ब्लॉक, दोन्ही टॅपेट कव्हर (वॉल्वचा गॅप लावायच्या भोकांवरची झाकणं), डाव्या अंगाचं टायमिंग स्प्रॉकेटचं गोल कव्हर आणि प्लगभोवतीचा खड्डा घासून काढा. फिन्समधला (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधला) वाळलेला चिखलही काढा, त्याचा संबंध पुढे येणारच आहे. पाण्याने धुऊन फडक्याने कोरडं करा, हवा मारा. मग साधी टाल्कम पावडर किंवा बारीक कुटलेला खडू सगळीकडे भुरभुरवा. गाडी जागेवर पाच मिनिटं चालवा, बंद करून टॉर्चने पाहा. काही दिसलं नाही तर दोन-तीन किलोमीटर फिरवून आणून पुन्हा पाहा. आपल्याला पहिला ओला ठिपका हवा आहे, सगळ्यांत मोठा डाग नव्हे. वीस किलोमीटर पळवून पाहिलंत तर वाऱ्याने तेल मागे पसरलेलं असतं आणि सगळंच इंजिन गुन्हेगार वाटतं.

या इंजिनाची ठेवण लक्षात घेतली की पावडर काय सांगते ते कळायला सोपं जातं. सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढे झुकलेला आहे. म्हणजे हेड आणि ब्लॉकचा सांधा जमिनीला समांतर नाही, उभा आहे. इनटेकचं टॅपेट कव्हर वरच्या अंगाला येतं. त्याची ओ-रिंग (रबरी कडं) कडक झाली की तिथून पाझरलेलं तेल फिन्सवरून खाली उतरतं, सांध्याच्या फटीत शिरतं आणि खालच्या बाजूला थेंब धरतं. बघणारा खालून बघतो आणि म्हणतो, हेड पॅकिंग गेलं. ओ-रिंगचा खर्च चहा-वड्याएवढा, आणि तिच्यासाठी अख्खं हेड उघडलं जातं. एक्झॉस्टचं टॅपेट कव्हर खालच्या बाजूला असल्याने त्याच्या आत तेल साचतंच, त्यामुळे त्याची ओ-रिंग आधी जाते. दोन्ही एकदमच बदला.

अशीच फसवणूक करणारी आणखी काही ठिकाणं आहेत. डाव्या गोल कव्हरची रिंग. ब्लॉकच्या डाव्या अंगाला टायमिंग चेनच्या (वॉल्व चालवणाऱ्या आतल्या साखळीच्या) रोलरचा जो बोल्ट असतो त्याखालचा सीलिंग वायसर. हा फार वेळा सुटतो आणि क्वचितच कुणी बघतं. ब्लॉकच्या तळाचं पॅकिंग. आणि पुढच्या चार नटांपैकी ज्या स्टडच्या भोकातून तेल वर हेडकडे जातं, त्या नटाखालचा तांब्याचा वायसर. त्या एका जागी मागे कुणी साधा लोखंडी वायसर टाकला असेल तर नटाच्या बुडातून तेल झिरपतं आणि हेडभर पसरतं.

डागाचा रंगही वाचा. स्वच्छ, मधासारखं किंवा तपकिरी तेल म्हणजे तेलाची वाट किंवा चेनचा बोगदा (टायमिंग चेन फिरते ती पोकळी). काळा, कोरडा, काजळीसारखा पंखा उमटला असेल तर ती ज्वलनाची गळती. तो सायलेन्सरच्या तोंडाशी असेल तर हेडला हात लावू नका, एक्झॉस्टची रिंग बदला. तो सांध्यावर असेल तर मात्र पॅकिंग आतून जळालेलं आहे. खात्रीसाठी गार इंजिनवर साबणाचं पाणी सांध्यावर लावा आणि किक हळू दाबत कॉम्प्रेशनवर धरा. बुडबुडे आले की शंका उरत नाही. प्लगच्या बुडाशीही हेच करून बघा.

हेड उघडण्याआधी एक तपासणी राहते, आणि तुमच्या गाडीच्या वापराकडे पाहता मला तिच्यात बराच रस आहे. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली (इंजिनच्या पोटातली) हवा दाबली जाते, ती ब्रीदरच्या पाइपातून बाहेर जायला हवी. हा पाइप चिखलाने बुजतो, दुमडतो, बऱ्याच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. मग तो दाब सगळ्यांत कमजोर सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. पाइप काढून फुंकून पाहा. नंतर गाडी आयडलिंगवर असताना ऑइलची डिपस्टिक सैल करा. हलकी फुसफुस चालेल. जोरजोरात धूर आणि तेलाचे शिंतोडे येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत आणि कॉम्प्रेशन खाली उतरतंय. अशा वेळी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग प्लगच्या भोकातून साधारण 5 मिलि तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर वॉल्वचा किंवा हेड पॅकिंगचा. रिंगा गेल्या असतील तर हेडवर केलेली मेहनत फार दिवस टिकणार नाही; ब्लॉकचं काम त्याच उघडणीत उरकावं लागेल. तेलाची पातळीही पाहा. या गाडीत डिपस्टिकला आटे आहेत, पण पातळी बघताना ती फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. फिरवून मोजलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि माणूस तेल कमी भरतो. उलट खुणेच्या वर भरलेल्या जास्त तेलानेही गळती वाढते.

इतकं करून बोट हेडच्याच सांध्याकडे राहिलं तर उघडायला घ्या. पुढचे लेगगार्ड आणि सायलेन्सर काढल्यावर जागा पुरत असेल तर फ्रेममध्येच काम होईल. अडचण वाटली तर इंजिन खाली घ्या. अर्धा तास जातो पण चेहरे नीट दिसतात. सायलेन्सरच्या दोन नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. वीस वर्षांचे ते स्टड तुटले तर मूळ काम बाजूला राहतं.

मॅग्नेटच्या कव्हरवरच्या टोप्या काढा. डावीकडून पाहताना इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन वरच्या टोकाला आल्याची) खाचेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर (वॉल्व दाबणारे हात) हाताने हलतात का पाहा. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा द्या. आता टायमिंग स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडवरच्या खाचेशी जुळलेली दिसेल. फोटो काढून ठेवा. चेनचा ताण सोडवण्यासाठी खालचा टेन्शनरचा बोल्ट काढावा लागतो. त्यातून स्प्रिंग येते, कुठला भाग आधी आला ते लक्षात ठेवा. स्प्रॉकेटचे बोल्ट काढण्याआधी चेनच्या बोगद्यात फडकं कोंबा, नाहीतर बोल्ट थेट क्रँककेसमध्ये जाईल. स्प्रॉकेट सुटताच चेन तारेने बांधून बाहेर अडकवा.

आता नट. इथे एक क्रम पाळायचा. डाव्या अंगाचा 6 मिमीचा बाजूचा बोल्ट सगळ्यांत आधी सैल करायचा आणि बसवताना सगळ्यांत शेवटी आवळायचा. तो आधी आवळला की हेड त्या कोपऱ्याला अडकतं आणि चार मोठे नट कितीही ओढले तरी विरुद्ध कोपरा नीट दबत नाही. मॅन्युअलमध्ये ही एका ओळीची सूचना असते, आणि एकाच कोपऱ्यातून परत परत गळणाऱ्या हेडमागे बऱ्याचदा तीच चुकलेली असते. चार मोठे नट समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, एका वेळी अर्धा फेरा, असे दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. कोणता नट आणि कोणता वायसर कुठला, ते पुठ्ठ्यावर चार भोकं पाडून तसेच मांडून ठेवा. हेड चिकटलं असेल तर लाकडी हातोड्याने बाजूंनी ठोका. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याचा ओरखडा हाच पुढच्या गळतीचा रस्ता.

हेड निघताना ब्लॉक हलला का ते पाहा. किंचितही उचलला गेला असेल तर तळाचं पॅकिंग फुटलं असं धरा आणि तेही बदला. ‘दिसत नाही, राहू दे’ इथे चालत नाही.

काढलेलं पॅकिंग फेकून देऊ नका. उन्हात धरून दोन्ही बाजू बघा. दाबाची खूण सर्वत्र सारखी चमकदार असेल तर दाब बरोबर होता, कारण दुसरीकडे आहे. एका कोपऱ्यात खूण फिकट आणि तिथेच तेलाची रेघ असेल तर त्या कोपऱ्याचा स्टड किंवा चेहऱ्याचा वाक. सिलिंडरच्या कडेपासून चेनच्या बोगद्यापर्यंत काळी रेघ असेल तर ज्वलनाचा वायू बोगद्यात जात होता. तेल लवकर काळं होणं आणि ब्रीदरमधून धूर येणं यांचा उलगडा तिथे होतो.

तुमच्या बाबतीत आधी सिलिकॉनचा बंदोबस्त करा. मला या कामात सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते. हेडचं पॅकिंग कोरडं बसवायचं असतं. सिलिकॉन लावलं की आवळताना ते दोन्हीकडे पिळून निघतं. बाहेरचं दिसतं आणि पुसलं जातं. आतलं तेलाच्या वाटेत शेवयांसारखं लोंबतं. एखादा तुकडा सुटून वर जाणारी वाट बुजली तर कॅमशाफ्ट (रॉकरना हलवणारा दांडा) आणि रॉकर कोरडे चालतात आणि थोड्याच दिवसांत घासून खलास होतात. म्हणून स्टडच्या भोकातली आणि हेडमधली तेलाची वाट बारीक तारेने व हवेने मोकळी करा. उजव्या क्रँककेस कव्हरमागची तेलाची जाळीही काढून पाहा, सुटलेले तुकडे तिथेच अडकतात. कॅमशाफ्टच्या लोबवर (उंचवट्यांवर) आणि रॉकरच्या तोंडावर नखाला लागणारे ओरखडे असतील तर ते भाग याच वेळी बदला.

चेहरे साफ करताना प्लास्टिकची किंवा पितळेची पट्टी वापरा. जुनं पॅकिंग ओलं करूनच खरवडा, कारण जुन्या साठ्यातल्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. स्टड आणि बोल्टच्या भोकांतलं तेल फडक्याने टिपून हवा मारा. बंद भोकात तेल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते; पान्याला ताण जाणवतो, पण हेडवर दाब आलेला नसतो.

मग सपाटी. शाळेची पट्टी चालत नाही. चांगल्या गुण्याचं पातं किंवा लेथवाल्याकडची सरळ पट्टी घ्या. ती हेडच्या चारही कडांवर आणि दोन्ही कर्णांवर, अशी सहा ठिकाणी ठेवून खालून 0.05 मिमीचं फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतं का पाहा. कुठेही सरकलं तर हेड वाकलेलं आहे. ब्लॉकचंही तसंच तपासा; तिथे लोखंडी स्लीव्ह अॅल्युमिनियमच्या पातळीखाली बसली नाही ना, तेही बघा. स्लीव्ह बसली असेल तर सिलिंडरच्या कडेवर दाबच येत नाही, आणि तो दोष हेड घासून जाणार नाही. ब्लॉक लेथवर फेस करावा किंवा बदलावा लागतो.

हेड वाकतं कशाने? एअर-कूल्ड इंजिनात उष्णता फक्त फिन्सवाटे जाते. शेतरस्त्याचा चिखल फिन्समध्ये वाळून बसला की त्या बाजूचं हेड जास्त तापतं. त्यात कॅनचं ओझं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ, आणि घरी आल्या आल्या तापलेल्या इंजिनवर पाण्याचा फवारा. एक बाजू आकसते, दुसरी अजून गरम. हे रोज झालं की अॅल्युमिनियम हळूहळू वाक धरतं. चुकीच्या क्रमाने आवळलेले नट उरलेलं काम करतात.

वाक 0.1 मिमीच्या आसपास असेल तर घरी घासून निघतो. आधी हेड पूर्ण मोकळं करा: कॅमशाफ्ट, रॉकर, वॉल्व, स्प्रिंगा, सगळं बाहेर. न काढता घासलं तर पेपरची वाळू कॅमशाफ्टच्या जागांत जाते आणि दुरुस्तीच नवा रोग होते. 8 ते 10 मिमी जाडीची काच सपाट टेबलावर ठेवा, तिच्यावर 320 नंबरचा वॉटर पेपर, त्यावर थोडं डिझेल. हेडच्या चेहऱ्यावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा ओढा. दोन्ही हातांचा दाब सारखा ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा, दर दहा-बारा घासण्यांनंतर हेड पाव फेरा फिरवा. जिथली शाई राहते तो खोलगट भाग. सगळी शाई गेली की 400 आणि मग 600 चा पेपर, पण हे दोन नुसते हात फिरवण्यापुरते. आरशासारखी चमक नको. पॅकिंगला धरायला बारीक पोत लागतो. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने, तेलाच्या वाटांमधूनसुद्धा, दोनदा धुवा.

0.2 मिमीच्या वर वाक असेल तर मशीनवर फेसिंग करून घ्या. हातांनी इतकं काढताना चेहरा तिरका होतो. जितका धातू काढाल तितकं कॉम्प्रेशन वाढतं आणि टायमिंग चेनचं अंतर कमी होऊन वॉल्वचं टायमिंग किंचित मागे पडतं. दशांश मिलिमीटरला काही फरक पडत नाही. मागे दोनदा फेसिंग झालेल्या हेडला मात्र तिसऱ्यांदा कापण्यापेक्षा बदलणं बरं. नवं हेड घेण्याची खरी कारणं एवढीच: जास्त कापलं गेलेलं हेड, प्लगच्या भोकापासून वॉल्वच्या सीटपर्यंत गेलेली चीर, किंवा कॅमशाफ्टची जागा खराब झालेली.

स्टडकडे मात्र दुर्लक्ष नको. दोनदा उघडलेल्या आणि ‘गळतंय म्हणून अजून थोडं’ आवळलेल्या इंजिनात माझा पहिला संशय त्यांच्यावरच जातो. प्रत्येक नट स्टडवर हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहा. मध्येच जड गेला तर स्टड ताणला गेला आहे, त्या जागी आट्यांचं अंतर बदललेलं असतं. चारही स्टडची उंची एकसारखी आहे का पाहा. एखादा वर आलेला दिसला तर क्रँककेसमधले त्याचे आटे सुटायला लागलेत. आवळताना नट फिरत राहतो पण जोर वाढत नाही, तेही त्याचंच लक्षण. अशा भोकात जाडा स्टड ठोकणं किंवा आट्यांना सीलंट लावणं म्हणजे दोष पुढे ढकलणं. हेलीकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस लावा म्हणजे चुरा चिकटून बाहेर येईल, क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद ठेवा आणि ड्रिल सरळ चालेल याची खात्री असेल तरच स्वतः करा. नाहीतर हे एक काम लेथवाल्याला द्या.

हेड मोकळं आहेच तर वॉल्व पुन्हा बसवल्यावर इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडात आळीपाळीने पेट्रोल ओतून दोन मिनिटं धरा. सीटकडून ओल आली तर वॉल्व पेस्टने घासून बसवा. वॉल्वचे रबरी सील नवे टाका. पेट्रोलचं काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करा.

बसवताना नवं पॅकिंग, तेलाच्या वाटेभोवतीची नवी ओ-रिंग आणि दोन्ही डॉवेल (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या नळ्या). ओ-रिंगला तेलाचा हलका हात, पॅकिंग कोरडं. तांब्याचा वायसर नवा मिळाला नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं त्याने मऊ होतं आणि पुन्हा दबतं. हेड आणि पुढचं फिन्सवालं कव्हर बसवून चारही नट आधी बोटांनी टेकवा. आट्यांवर तेलाचा एकच थेंब.

किती आवळायचं? तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तो हाताशी नसेल तर स्टडची जाडी कॅलिपरने मोजा. अॅल्युमिनियममध्ये बसलेल्या 8 मिमीच्या स्टडला 20 न्यूटन-मीटरच्या आसपास, 7 मिमीला 13-14, 6 मिमीच्या बोल्टला 10. एका झटक्यात नाही: 8 मिमीसाठी आधी 8, मग 14, मग 20, प्रत्येक वेळी समोरासमोरचे कोपरे. त्यानंतर बाजूचा 6 मिमीचा बोल्ट. टॉर्क पाना नसेल तर ताणकाटा वापरा. नटाच्या मध्यापासून बरोबर 20 सेंटिमीटरवर पान्याला ताणकाट्याचा हूक अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. 10 किलो दिसले की तो जवळजवळ 20 न्यूटन-मीटर झाला. हाताच्या अंदाजाने आवळणारे चांगले कारागीर आहेत, पण चार नटांना सारखा दाब देण्यात अंदाज दगा देतो. दोन नटांना 15 आणि दोघांना 28 बसले तर नवं पॅकिंगसुद्धा गळणारच.

टायमिंग जुळवा: मॅग्नेटची ‘टी’, स्प्रॉकेटची गोल खूण, दोन्ही आपापल्या खाचेसमोर. टेन्शनर बसवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत तपासा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका, वॉल्व पिस्टनला लागत असेल. टॅपेट गार इंजिनवर, ‘टी’वर ठेवून लावा. जुन्या शंभर सीसी गाड्यांना हा गॅप 0.05 ते 0.08 मिमीच्या टापूत असतो. तुमच्या पुस्तिकेतला आकडा घ्या. आवाज येऊ नये म्हणून गॅप शून्य करू नका. गरम झाल्यावर वॉल्व उघडा राहतो आणि जळतो.

टॅपेटच्या भोकांतून कॅमशाफ्टवर चमचाभर तेल ओता. प्लग काढून पंधरा-वीस किक मारा. मग गाडी चालू करून आयडलिंगवर मिनिटभर ठेवा, बंद करा आणि वरचं टॅपेट कव्हर उघडा. आत ताजं तेल दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तेलाची वाट बंद आहे, गाडी अजिबात पुढे नेऊ नका. सिलिकॉनचा इतिहास असलेल्या इंजिनात ही तपासणी मी कधीच सोडत नाही.

पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटर, ओझ्याशिवाय. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी बाजूचा बोल्ट सैल करून चार नट त्याच क्रमाने, त्याच आकड्याला तपासा आणि तो बोल्ट पुन्हा आवळा. साधं काँपोझिट पॅकिंग पहिल्या तापण्यात थोडं बसतं, म्हणून हे लागतं. पॅकिंग पत्र्याच्या थरांचं असेल तर याची गरज नाही. कॅन आठवडाभराने लावा, आणि घरी आल्यावर इंजिनला हात लावता येईल इतकं ते निवेपर्यंत पाणी मारू नका.

पावडर लावून पाहिलीत की तीन गोष्टी कळवा: पहिला ओला ठिपका सांध्याच्या वरच्या अंगाला दिसला की खालच्या, तो चेनच्या बाजूला होता का, आणि डिपस्टिक सैल केल्यावर काय झालं. हेड उघडलंत तर जुन्या पॅकिंगच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. कोणत्या कोपऱ्याचा स्टड आधी तपासायचा ते त्यावरून सांगता येईल.